९३ हजार कैदी हातात होते, मग सिमल्यात मिळवलं काय?

रानवारा: १६ डिसेंबर आला की ७१ च्या युद्धातला ढाक्याचा तो फोटो फिरतोच, पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय, शेजारी आपले जनरल अरोरा. अभिमान मलाही आहे. पण ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी ताब्यात असताना ७२ च्या सिमला करारात काश्मीरचा कायमचा निकाल का नाही लावला? हुकमाचं पान हातात असून डाव सोडला आपण.

खवट_काका: सगळे सैनिक नव्हते रे ते. गणवेशातले ८० हजारांच्या आसपास, त्यातही निमलष्करी आणि पोलीस आले, बाकी नागरिक, बायकापोरं. आणि जिनिव्हा करार म्हणतो लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडा, आपण तरी बहुतेकांना दीड-दोन वर्षं ठेवलंच ना, कारण शरणागती भारत-बांगलादेशच्या संयुक्त कमांडपुढे झालेली, ढाक्याला डावलून सोडणार कसे, आणि पाकिस्तानचा भुट्टो तर बांगलादेशला मान्यताच देईना.

रानवारा: काका, कायदे पाळायचा मक्ता आपणच घेतलाय का?

मीनल_के: कायदा राहू दे बाजूला, हिशोब बघ. जबलपूर, रांची, आग्रा, मेरठ असे कॅम्प, एवढ्या लोकांचं रोजचं जेवण, औषधं, पहारा, पत्रं, आणि इकडे ७२ चा दुष्काळ, नगर-सोलापूरकडची माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडतायत. जितकं लांबवाल तितका खर्च आपलाच, भुट्टोचं काय जातंय? बरं मिळालं नाही कसं, फेब्रुवारी ७४ मध्ये बांगलादेशला मान्यता द्यावीच लागली त्याला.

रानवारा: आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यासाठी वेगळे काढलेले १९५ जण? एप्रिल ७४ ला तेही गेले घरी. कुणालाच शिक्षा नाही. ह्याला मिळवणं म्हणतात?

पेठकर: आपलेही सहाशेच्या वर युद्धकैदी तिकडे होते, ते कुणीच बोलत नाही. आपल्या हवाई दलाच्या दिलीप पारुलकरांनी दोन साथीदार घेऊन रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडली, थेट लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सीमा समोर, आणि तिथे लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. ते स्टेशन १९३२ पासूनच बंद! झाला संशय, धरले.

रानवारा: भारीच. पण मग आपले ते बेपत्ता ५४ जवान? ९३ हजार सोडताना एकेक नाव मागून घ्यायला काय झालं होतं? २००७ ला नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग फिरून आले, हाती काही नाही.

खवट_काका: इथे मी तुझ्या बाजूने. पण ह्यासाठी काश्मीर कशाला मधे, शेवटची गाडी वाघ्याहून सोडायच्या आधी याद्या ताडून घ्यायला हव्या होत्या, हे बाबूंचं काम होतं.