उत्तर – एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या अळ्या : ओळख पटते कशी?

रंकाळ्याजवळच्या बागेतल्या बांबूत सापडलेल्या पांढऱ्या अळीच्या फोटोखाली "सगळ्या अळ्या सारख्याच, माशी बाहेर पडेपर्यंत थांबा" असा सल्ला आलाय. थांबावंच, पण अळीही बरंच सांगते.

बघायची ती खाणं संपवून पूर्ण वाढलेली अळी. पाय नाहीत, डोळे नाहीत, त्यामुळे सगळी मदार डोक्यावर. डोकं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की जबड्याचं टोक, त्यावरचे दात आणि लाळेचं तोंड स्पष्ट दिसतं. कोष विणणाऱ्या अळीत या तोंडाचे ओठ पुढे आलेले असतात, कारण रेशीम तिथूनच येतं. पानं कापणाऱ्या माशीची अळी अशीच. शिवाय तिच्या अंगावर बारीक केस असतात आणि ती खाता खाताच विष्ठा टाकायला लागते. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची (हीही मधमाशीच) अळी कोष विणतच नाही.

मधमाश्यांचे अभ्यासक चार्ल्स मिचेनर यांनी १९५३ मध्ये अळ्यांवरून कुळं ओळखण्याची किल्ली दिली, ती याच प्रकारच्या खुणांवर. मात्र कोष विणणं अनेक शाखांत स्वतंत्रपणे सुटलंय, म्हणून नुसत्या ओठांवरून नातं जोडणं मला धोक्याचं वाटतं.

तेव्हा बांबूतली एकच अळी काढा, क्षणभर गरम पाण्यात घालून ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाकीच्यांना हात लावू नका, त्यांच्या माश्या होऊ देत. पानांचं अस्तर आणि विष्ठेचे कणही कृपा करून फेकू नका, वेगळ्या डबीत जपा.