मदत हवी आहे : सिझेरियनच्या ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू झाल्या तर?

माझा ३६वा आठवडा पूर्ण झाला असून बाळ पायाळू आहे. पहिले बाळंतपण तीन वर्षांपूर्वी, कळा सुरू असताना बाळाचे ठोके मंदावल्यामुळे, सिझेरियनने झाले होते. त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर ‘खालच्या भागात आडवा छेद’ अशी नोंद आहे. वार (प्लॅसेंटा) वरच्या बाजूला आहे, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित आहे. जुना व्रण आणि बाळाची स्थिती पाहता ३९व्या आठवड्यात सिझेरियन ठरले आहे आणि तो निर्णय मला पटलेला आहे. त्यामुळे नॉर्मल प्रसूतीबद्दलचा सल्ला नको आहे.

अडचण अशी, की रुग्णालय घरापासून दीड तासावर आहे. पाणी गेल्यास, कळा नसल्या तरी, ताबडतोब निघायचे, कारण पायाळू बाळात नाळ आधी खाली सरकण्याचा धोका असतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. भूल कमरेतून देणार असले तरी आधी सहा तास अन्न वर्ज्य, हेही ठाऊक आहे. परंतु सध्या संध्याकाळी पोट दगडासारखे घट्ट होते आणि कुशीवर झोपल्यावर सैल पडते. या सरावाच्या कळा आहेत, असे तपासणीत सांगितले गेले.

ज्यांना ठरलेल्या दिवसाआधीच कळा आल्या, त्यांनी खऱ्या कळा नेमक्या कशावरून ओळखल्या, आणि नुकतेच जेवण झालेले असताना भुलीबाबत डॉक्टरांनी काय निर्णय घेतला?