द्रासला एक रात्र थांबावं का? बाबांना घेऊन जातोय

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही काश्मीर-लडाख करून राहिलो, मी, बायको, सातवीतला मुलगा आणि बाबा. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून हेच दिवस जमतात. बाबा 71 वर्षांचे, कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरला सिव्हिलियन क्लार्क होते, स्वतः फौजेत नव्हते पण सगळं आयुष्य फौजी लोकांतच गेलं. 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, आमच्याकडे रात्रीचं जेवण बातम्या संपल्याशिवाय वाढलं जायचं नाही, टोलोलिंग, टायगर हिल ही द्रासजवळच्या शिखरांची नावं मी शाळेत नाही तर त्या टीव्हीसमोर शिकलो. तेव्हापासून त्यांचं एकच, एकदा द्रासला जाऊन हात जोडून यायचं.

आता टूरवाल्याने प्लॅन पाठवला त्यात श्रीनगरहून सकाळी निघायचं, "द्रास वॉर मेमोरियल, अर्धा तास", आणि रात्री कारगिल. तो अर्धा तास मला खटकून राहिला. पंचवीस वर्षं मनात धरलेली गोष्ट, आणि गाडीचा हॉर्न वाजला की उठायचं? द्रासला राहायची सोय आहे का, बाबांना उंची झेपेल का, आणि पोराला तिथे नेमकं काय दाखवायचं, कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

मानेवाडा_ताई:
दादा, अर्धा तास बिलकुल नको. आम्ही दोन वर्षांपूर्वी जूनमध्येच गेलो होतो. स्मारक द्रास गावातून कारगिलच्या बाजूला पाचेक किलोमीटरवर, अगदी हायवेला लागून, आणि मागे उभा टोलोलिंग. भिंतीवर नावं आहेत, अमर ज्योत आहे, वीर भूमीत एकेका जवानाच्या नावाचे दगड आहेत, आणि कॅप्टन मनोज पांडे यांच्या नावाची गॅलरी आहे तिथे फोटो, नकाशे, सामान. तिथला जवान समोरच्या डोंगरांकडे बोट दाखवून लढाई सांगतो ते ऐकायला तरी पूर्ण वेळ ठेवा, आमच्यावेळी एक टूरची गाडी आली, फोटो काढले आणि तो बोलायला लागला तेवढ्यात निघाली, मला इतकं वाईट वाटलं त्याच्यासाठी.

राहायला द्रासमध्ये साधी हॉटेलं, होमस्टे आहेत, फार अपेक्षा ठेवू नका, गरम पाण्याचं आधी विचारून घ्या. नागपुरात 44-45 सोसून गेलात तरी तिथे संध्याकाळी स्वेटर-कानटोपी लागतेच, जून असला तरी. आणि सिम पोस्टपेड न्या, आपल्या इकडचं प्रीपेड तिकडे चालत नाही, आमचे दोन फोन श्रीनगरलाच मुके झाले होते.

वर्धा_रोड:
मी थोडं वेगळं सांगतो, माझ्या आईला घेऊन गेलो होतो तो अनुभव आहे. स्मारकाला अख्खा दिवस द्या पण झोपायला कारगिलला जा. द्रास साधारण 3,280 मीटरवर आणि कारगिल 2,676 वर, वयस्कर माणसाला रात्री हा सहाशे मीटरचा फरक जाणवतो, आईला द्रासला रात्रभर झोप नाही, डोकं धरून बसली होती. श्रीनगर 1,600 मीटरच्या आसपास, तिथून एका दमात साडेतीन हजारांचा झोजिला ओलांडून यायचं म्हणजे शरीराला वेळच मिळत नाही. सोनमर्गला एक रात्र काढा, दुसऱ्या दिवशी लवकर झोजिला पार करा. घाटात कोणत्या वेळेला कुठल्या बाजूच्या गाड्या सोडतात ते आदल्या दिवशी विचारा. आणि बाबांना बीपी-शुगर असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला दाखवा, हे टाळू नका.

पुलगावचा_मुलगा:
धरमपेठकर, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझे वडील पुलगावच्या दारूगोळा डेपोत होते. 99 च्या मे-जूनमध्ये ते कधी घरी यायचे, कधी जायचे काही पत्ता नसायचा, आई डबा घेऊन गेटपर्यंत जायची. काय काम सुरू आहे ते घरी एक शब्द बोलले नाहीत. मी द्रासला बोफोर्स तोफेसमोर उभा राहिलो तेव्हा मला डोंगर दिसलाच नाही, आईचा डबा दिसला.

पोराला काय दाखवायचं विचारलंत. स्मारकात जायच्या आधी हायवेवरच उभं करा आणि म्हणा वर बघ. सगळी लढाई त्या बघण्यात आहे. घुसखोर वर शिखरांवर बसले होते आणि खालचा श्रीनगर-लेह रस्ता, म्हणजे लडाखला रसद जायची मुख्य वाट, त्यांच्या नजरेखाली होती, गाडी दिसली की तोफखान्याला सांगायचे. आपल्या जवानांना त्या उघड्या उतारावर, बहुतेक रात्रीच्या अंधारात, वरून गोळ्या येत असताना चढायचं होतं. टोलोलिंगवर आधीचे हल्ले फसले, 18 ग्रेनेडियर्स बटालियनचे मेजर राजेश अधिकारी तिथेच शहीद झाले, शेवटी 2 राजपुताना रायफल्सने 13 जूनला तो घेतला. खूप जणांना वाटतं टायगर हिलने सुरुवात झाली, तसं नाही, टायगर हिल 4 जुलैला, टोलोलिंग पडला म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

अजून एक, तिथल्या शिखरांना पॉइंट 5140, पॉइंट 4875 अशी नावं आहेत, हे आकडे म्हणजे मीटरमधली उंची. टायगर हिल 5,062. त्यातून द्रासचे 3,280 वजा करायला सांगा पोराला, पावणेदोन हजार मीटर उरतात, आणि मग सांगा आपली टेकडी गणपतीची सीताबर्डीची टेकडी आठव, 1817 मध्ये एवढ्याशा उंचीसाठी भोसले आणि इंग्रज लढले होते. त्याला कळेल उंची म्हणजे काय.

आणि भिंतीवरची नावं घाईत पाहू नका. आपले 527 जवान गेले त्या युद्धात.

मानेवाडा_ताई:
वर्धा रोड दादांचं उंचीचं बरोबर आहे, आमच्यासोबत वयस्कर कोणी नव्हतं म्हणून ते माझ्या डोक्यात आलं नाही. मग कारगिलला दोन रात्री ठेवा. तिथून हुंदरमान जवळ आहे, नियंत्रण रेषेजवळचं जुनं रिकामं गाव, 1971 च्या युद्धात ते पाकिस्तानकडून भारताकडे आलं आणि घराघरांतली नाती पलीकडे राहिली. सोडून गेलेल्या लोकांच्या भांड्याकुंड्यांचं, पत्रांचं छोटं म्युझियम केलंय तिथे. युद्ध फक्त शिखरावर होत नाही हे मला तिथे दिसलं. मुलाला नक्की न्या.

पुलगावचा_मुलगा:
आणि झोजिला चढताना बाबांना 1948 च्या भारत-पाक युद्धाची आठवण करून द्या, त्यांना माहीत असेलच. जनरल थिमय्यांनी 1 नोव्हेंबरला तिथे रणगाडे नेले होते, समोरच्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं एवढ्या उंचीवर रणगाडा येईल म्हणून.

धरमपेठकर:
सगळ्यांचे खूप आभार. टूरवाल्याला नकार कळवला, गाडी स्वतः ठरवतोय. सोनमर्ग एक रात्र, दुसऱ्या दिवशी द्रास संध्याकाळपर्यंत, कारगिल दोन रात्री. हा धागा बाबांना वाचून दाखवला. थिमय्यांचं नाव आलं तसे ते ताठ बसले आणि पुढचं सगळं मलाच सांगायला लागले, मी वाचायचं थांबवलं. मग म्हणाले 13 तारखेला पोचता येईल का बघ, टोलोलिंगच्या दिवशी. तिकिटं 15 ची पाहिली होती, आता बदलतोय.