मदत हवी आहे: ८४ किलो वजनाला ६७ इंची स्लॅलम स्की की ६९?

मंडळी, इथे फ्लोरिडात बोटीमागे दोर धरून एका वॉटरस्कीवर, म्हणजे स्लॅलम करणारं कोणी आहे का? मी दोन उन्हाळे दोन स्कीवर काढले. यंदा एकाच स्कीवर एक पाय दुसऱ्याच्या मागे बांधायचं धाडस केलं आणि आता स्वतःची स्की घ्यायची आहे.

वजन ८४ किलो, म्हणजे साधारण १८५ पौंड. बोटीचा वेग ताशी २८ ते ३० मैल, त्यापुढे अजून छातीत धडधडतं. मित्राची ६७ इंची अरुंद स्की वापरतोय. पाण्यातून उठतानाच दोर हात उपटून काढतो की काय असं वाटतं, आणि वळण संपताना वेग मेला की स्की गुडघ्यापर्यंत बुडते. मित्र म्हणतो, तुझं तंत्र कच्चं आहे. असेलही! पण तो स्वतः ७० किलोचा आणि ३४ मैलांवर पळणारा, त्याला काय कळणार.

स्कीच्या मापांच्या तक्त्यांत ३४ मैलांना माझं वजन ६७ मध्ये बसतं. वेग कमी तर पाण्याचा उचलही कमी, म्हणून ६९ घ्यावी असं वाटतं. दुकानदार मात्र ६७ चीच रुंद स्की सुचवतोय.

पुढच्या वर्षी ३२ मैलांवर सहा बॉय (ज्यांना वळसा घालायचा ते पाण्यावरचे तरंगते गोळे) गाठायचेत. तेव्हा ६९ वळायला जड जाईल का? रुंद स्की कोणी वापरली असेल तर वजन आणि वेग सांगून अनुभव लिहा, प्लीज. जुनी चालेल, खिसा फार खोल नाही.