तीन मिनिटांचा राग आणि शंभर शब्दांची बातमी

अंबाजोगाईकर:
मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आता इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतात. एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटे मावत असल्याने अब्दुल करीम खाँसारख्या शास्त्रीय गायकांनाही बंदिश, आलाप, सरगम सारे तेवढ्यात बसवावे लागे. तरीही पहिल्या दोन-चार स्वरांतच राग उभा राहतो. थोडक्यात नेमके कसे मांडावे हे कळण्यासाठी पत्रकारिता शिकणाऱ्याने शैलीची पुस्तके उघडण्याआधी या तबकड्या ऐकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

परभणीकर:
साफ असहमत. ३ मिनिटे ही यंत्राची अडचण होती, गायकाची निवड नव्हे. १९४८ मध्ये अमेरिकेत एका बाजूवर वीसेक मिनिटे चालणारी एलपी तबकडी आली आणि पुढे आपल्याकडे गायक अमीर खाँनी तिच्या एका अख्ख्या बाजूवर एकटा मारवा राग गायला, यातच उत्तर आले. सप्ताहात रात्री दोन-दोन तास एकाच अभंगाचे निरूपण ऐकणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. बातमीचेही तेच: टँकरच्या फेऱ्या वाढल्या, हे १०० शब्दांत लिहिता येते, पण विहीर कधी आटली, बोअर किती फुटांवर गेला आणि टँकरसाठीच्या विहीर-अधिग्रहणाचे पैसे कुणाच्या पदरात पडले, हे मावत नाही, आणि खरी बातमी तीच असते.

अंबाजोगाईकर:
अडचण मान्य, पण रीत अडचणीतूनच घडते. १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत निघत आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी लागे. (आता मात्र ती घोषणा गाण्याचाच भाग वाटते.) तारेने बातमी धाडणारे वार्ताहरही शब्दागणिक पैसे मोजत असल्याने फापटपसारा आपोआप टाळत.

लातूरकर:
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा पहिल्या दिवशी गावांची नावे आणि मृतांचे आकडे एवढेच हवे होते, तिथे अंबाजोगाईकरांचे म्हणणे पटते. मात्र वाडे-गल्ल्यांची गावे उठून आखीव भूखंडांवर वसली, तेव्हा कोणाचा शेजार तुटला आणि गोठा कुठे गेला, हे समजून घ्यायला लांब लेखच लागले. तेव्हा आधी प्रसंग पाहावा, मग लांबी ठरवावी.

परभणीकर:
लांबी ठरवतो कोण? तालुक्याचा वार्ताहर नव्हे, पानावरची जाहिरात.