हाय अल्टिट्यूडला पाणी नक्की किती प्यायचं? बाबांना हामटा पासला न्यायचंय, मदत हवी आहे

पुणेरी_पायवाट

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझा चुलतभाऊ आणि बाबा (वय ६१) हामटा पासला (हिमाचलात मनालीजवळची, कुल्लू आणि लाहौलमधली खिंड) चाललोय. बाबा जुने ट्रेकर, राजगड तोरणा हरिश्चंद्रगड सगळं कॉलेजपासून, अजूनही पहाटे उठून सिंहगड चढून येतात, त्यामुळे दमाची काळजी नाही. काळजी आहे ती पाण्याची. यांची सवय अशी की एक लिटरची बाटली घेऊन निघायचं आणि अर्धी भरलेली परत आणायची, वर "पाणी प्यायलं की पाय जड होतात" हे ठरलेलं वाक्य. सह्याद्रीत निदान घाम येतो, तहान लागते, कुठेतरी ताकवाल्या मावशी भेटतात, तेवढं तरी पोटात जातं. तिकडे थंडीत तर हे अजिबात पिणार नाहीत.

दुसरीकडे ग्रुपच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगितलं की रोज पाच लिटर पाणी कंपल्सरी, नाहीतर एएमएस (उंचीवर विरळ हवेमुळे होणारा त्रास) झालाच म्हणून समजा. आता एक माणूस अर्ध्या लिटरवाला आणि दुसरे पाच लिटरवाले, मी मधे. खरं किती प्यायचं? त्यात बाबांना बीपीची गोळी चालू आहे, त्याचा काही संबंध येतो का? आणि भाऊ पाइपवाली पिशवी घ्या म्हणतोय, मला बाटल्या बऱ्या वाटतात. जाणकारांनी सांगा प्लीज, बाबा माझं ऐकत नाहीत पण दहा लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं तर ऐकतील.

डोंगरभाऊ

बाबांना आधी हे वाचून दाखवा: काका, तिकडे घाम दिसत नाही म्हणजे पाणी जात नाही असं नाही. हवा कोरडी ठणठणीत, घाम अंगावर यायच्या आधीच उडून जातो. शिवाय ऑक्सिजन कमी म्हणून श्वास जोरात आणि भराभर चालतो, प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर. थंडीने लघवी वाढते, उंचीवर पहिले एकदोन दिवस ती तशीही जास्तच होते (ते चांगलं लक्षण आहे, शरीर सवय करून घेतंय). आणि एवढं सगळं जात असताना तहान मात्र मेलेली असते, गोम तिथेच आहे.

हामटाला फरक डोळ्यांनी दिसतो. कुल्लूच्या बाजूने चिका, बालू का घेरा या कॅम्पपर्यंत हिरवंगार, नाल्याचा आवाज सतत कानात. पास ओलांडून लाहौलमध्ये उतरलात की एकदम रखरखीत, ओठ फुटायला लागतात. पासचा दिवस लांबलचक असतो, चढताना प्यायलेलं पाणी पलीकडच्या शिया गोरू कॅम्पला पोचेपर्यंत कधीच संपलेलं असतं.

आकडाच हवा तर दिवसाला तीन लिटरच्या आसपास धरा, त्यात चहा, सूप, डाळीचं पाणी सगळं मोजायचं. पण एका दमात नाही. दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान असो नसो.

गडकोट८८

आमच्या ग्रुपमध्ये पाच लिटरचाच नियम असतो आणि कोणाला काही होत नाही. पाणी जास्त पिऊन कोणी मेलंय का? डोकं दुखलं की पाणी ढोसा, सिंपल.

गोळीवाला_डॉक्टर

गडकोट, मेलेत हो. मॅरेथॉनमध्ये, आर्मीच्या ट्रेनिंगमध्ये नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरून माणसं गेलेली आहेत. आणि डोंगरात हे जास्त घातक अशासाठी की सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. एएमएसलाही डोकं दुखतं आणि मळमळतं. मग आजूबाजूचे काय करतात, अजून पाणी पाजतात.

दुसरं, भरपूर पाणी प्यायलं की एएमएस टळतो हा गैरसमज आहे. एएमएस होतो तो उंचीवर ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून. पाणी कमी पडलं तर त्रासात भर पडते, बरोबर, पण जास्त पिऊन ऑक्सिजन वाढत नाही. त्यावर उपाय एकच, हळू चढणं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा साधारण नियम आहे. तुमचा ट्रेक बघा, मनाली २०५० मीटर, चिका ३१०० च्या आसपास, बालू का घेरा ३६०० च्या आसपास, पास जवळपास ४२७०. म्हणजे पहिलीच उडी हजाराची. पाच लिटरचा हट्ट सोडा आणि मनालीत एक रात्र जास्त काढा, ती जास्त कामाला येईल.

आता बाबांची गोळी. स्ट्रिपवर टेल्मिसार्टन किंवा तसलं काही नाव असेल, त्यापुढे हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का ते बघून इथे सांगा.

पुणेरी_पायवाट

बघितलं. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५. हे वाईट आहे का??

गोळीवाला_डॉक्टर

वाईट नाही, घाबरू नका, लाखो लोक घेतात. पण ते दुसरं औषध लघवीवाटे पाणी आणि सोडियम दोन्ही बाहेर काढतं. म्हणजे बाबा अर्धा लिटरच प्यायले तर कोरडे पडणार, बीपी खाली येऊन उभं राहिल्यावर चक्कर, आणि तुमच्या ग्रुपचं ऐकून पाच लिटर साधं पाणी प्यायले तर सोडियम उतरायची भीती सगळ्यात जास्त त्यांनाच. साठीच्या पुढे ती तशीही जास्त असते. मनाने गोळी बंद करायची नाही, अर्धी करायची नाही. त्यांच्या डॉक्टरांना "इतक्या उंचीवर इतके दिवस" असं स्पष्ट सांगा, सोडियम पोटॅशियम क्रिएटिनिन तपासून घ्या, गोळी बदलायची का ते ते ठरवतील. डायमॉक्स (एएमएस टाळायला देतात ती गोळी) कोणी सुचवली तर तीही लघवी वाढवणारीच आहे आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं, त्यामुळे तीसुद्धा विचारूनच. इथे बसून मी कोणाच्या गोळ्या बदलत नाही.

चकली_नाशिक

कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बायका ट्रेकला पाणी कमी का पितात, तर जायला जागा नसते. चिका सोडलं की आडोसा देणारी झाडं संपत जातात, दगडामागे जावं तर मागून दुसरा ग्रुप येतोय, रात्री टॉयलेट टेंटपर्यंत जायचं तर बाहेर गारठा. मग संध्याकाळपासून पाणी बंद, आणि सकाळी डोकं धरून बसायचं. पायवाट ताई, तुम्हीही हे करणार, आत्ताच सांगते. लीडरला पहिल्याच दिवशी सांगा की दर दीड-दोन तासांनी पुरुष पुढे आणि बायका मागे असा दहा मिनिटांचा ब्रेक पाहिजे. लाजू नका, एकीने तोंड उघडलं की बाकीच्या लगेच हो म्हणतात. आणि दिवसाचं पाणी दुपारी चारपर्यंत बऱ्यापैकी संपवा, रात्री घोटभरच, म्हणजे झोपेत उठावं लागत नाही.

बाबांसाठी: रात्री बाहेर जायला नको म्हणून पुरुषही पाणी टाळतात, फक्त कबूल करत नाहीत. रुंद तोंडाची एक वेगळी बाटली तंबूत ठेवा, तिच्यावर लाल चिकटपट्टी लावा, नाहीतर पहाटे अंधारात घोटाळा व्हायचा :)

डोंगरभाऊ

हाहा चिकटपट्टी मस्ट!!

रंगाचं राहिलं. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असेल तर ठीक, गडद असेल तर प्या, दर वेळी पाण्यासारखी पांढरी होत असेल तर जरा थांबा. फक्त बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर रंगावरून काही कळत नाही, सगळंच पिवळंधमक.

पाणी तिथे नाल्याचंच, पण वर मेंढपाळांचे कळप चरत असतात, दिसायला स्वच्छ म्हणून तसंच पिऊ नका. कॅम्पवर उकळलेलं मिळतं. बालू का घेराला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, भात नीट शिजत नाही पण जंतू मरतात, ती शंका नको. वाटेत भरलंत तर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास, पाणी बर्फासारखं थंड किंवा गढूळ असेल तर दुप्पट वेळ. लिंबू, ओआरएस जे काय घालायचं ते त्यानंतर, आधी लिंबू पिळलंत तर क्लोरीन वाया.

गडकोट८८

डॉक्टर, मान्य. मग डोकं दुखलं तर तिथे करायचं काय ते पण सांगा, कारण कोरडेपणा की एएमएस हे तिथे कोण ओळखणार.

गोळीवाला_डॉक्टर

चांगला प्रश्न. उंचीवर डोकं दुखलं की एएमएसच धरायचा, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. थांबायचं, बसायचं, अर्धा-पाऊण लिटर ओआरएस सावकाश, एक पॅरासिटामॉल. तास-दोन तासांत साफ उतरलं तर बहुतेक पाणीच कमी पडलं होतं. उतरलं नाही, किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, बोलणं असंबद्ध होतंय, बसल्या जागी धाप लागतेय, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो पाऊस असो, खाली. त्यावेळी पाण्याचा विचारही नको.

ओआरएस म्हणजे केमिस्टकडची डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी, मोठी पूर्ण पुडी एका लिटरला, अर्ध्या बाटलीत अख्खी नाही. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस म्हणून विकली जायची, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (सरकारचं अन्नसुरक्षा खातं) नावात तो शब्द वापरायला बंदी केली, तरी दुकानदाराने दिलं म्हणून घेऊ नका, पाकीट वाचा. रोज दिवसभर तेच प्यायची गरज नाही, जेवणात मीठ असतंच. बाबांना बीपी आहे त्यामुळे त्यांनी किती घ्यायचं तेही डॉक्टरांकडून.

पुणेरी_पायवाट

अपडेट: डॉक्टरांकडे जाऊन आलो. रिपोर्ट नॉर्मल आहेत, गोळी ट्रेकच्या दोन आठवडे आधी बदलून देणार आणि त्यावर बीपी बघून मग जायचं की नाही ते ठरवणार. बाबांना पाणी "अडीच ते तीन लिटर, चहा धरून" असं प्रिस्क्रिप्शनवरच लिहून दिलंय, आता माझं ऐकायची गरजच उरली नाही. मनालीत एक रात्र वाढवली. चकलीताई, ब्रेकचं लीडरला मेसेज करून टाकलं, त्याचा अंगठा आलाय.

फक्त पिशवी की बाटली ते राहिलं.

डोंगरभाऊ

काकांना बाटली. पिशवीत किती प्यायले ते दिसत नाही आणि तुम्हाला तर मोजायचंय. एक-एक लिटरच्या दोन, त्यातली एक स्टीलची थर्मासवाली, गरम पाणी असलं की न पिणारा माणूसही पितो. पासच्या दिवशी पहाटे पाइपातलं पाणी गोठू शकतं, भाऊ घेणारच असेल तर घोट घेतल्यावर पाइपात फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायला सांगा. आणि पिशवीत साखरेचं काही घालायचं नाही, पाइपाला आतून बुरशी धरते, मग कितीही घासा, वास जात नाही.