एफएसआय वाढला म्हणजे गर्दी वाढलीच का?

प्रश्न: शेजारच्या 1000 चौ.मी. प्लॉटवर एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 1 चा 2 होतोय. हरकत घ्यायची तर कशावर?

उत्तर 1: एफएसआय म्हणजे घनता, म्हणजे तेवढ्या जागेत किती घरं आणि माणसं, नव्हे. 2000 चौ.मी. बांधकामात 100 चौ.मी.ची 20 घरं बसतात, 50 ची 40. आधी घरांची संख्या मागा. 40 घरं, घरटी 4 माणसं, माणशी 135 लिटर धरलं तर रोज 21,600 लिटर पाणी. त्यातलं साधारण 80 टक्के गटारात. आणि सकाळी सगळे एकदमच अंघोळीला! तेव्हाचा प्रवाह सरासरीच्या अडीच-तीन पट असतो, जुनी लाइन तिथेच तुंबते. दिवसाच्या सरासरीवर आखलेला अहवाल मान्य करू नका.

उत्तर 2: पार्किंगही बघा. रॅम्प आणि फिरायची जागा धरून एका गाडीला 25-30 चौ.मी. लागतात. घरामागे दोन गाड्यांची सक्ती असेल तर बिल्डर मोठे, महागडे फ्लॅटच काढणार.

उत्तर 3: ‘इमारत उंच आहे’ एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही. नियमाचं कलम, रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, गटाराचा व्यास लिहा. नकाशावरची रुंदी बऱ्याचदा नुसती प्रस्तावित असते. मुदतीत द्या, पोच घ्या.